केळीच्या बागेतील बिनतारी यंत्राची एरियल : बाहेरची केव्हा, आतली केव्हा

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूर आणि त्याच्या आसपासचा सावदा, रावेर व यावल हा टापू सातपुड्याचा पायथा आणि तापीचे पात्र ह्यांच्या दरम्यान पसरलेला आहे. १९३६ च्या डिसेंबर महिन्यात राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन येथे भरले व त्यात शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला, म्हणून फैजपूरचे नाव देशभर परिचित झाले. आज ह्या टापूची ओळख मुख्यतः केळीमुळे आहे. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

केळीचे पीक पाण्यावर वाढते, आणि येथील बहुतेक पाणी जमिनीतून उपसावे लागते. ह्या भागातील भूजलाची पातळी खोल गेल्यामुळे पाटपाण्याची जागा ठिबक सिंचनाने घेतली आहे. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लावलेल्या एका हेक्टर बागेत ४,४४४ झाडे बसतात. वैशाखात पूर्ण वाढलेल्या झाडास दररोज सुमारे २० लिटर पाणी द्यावे लागते, असे धरले तर एका हेक्टरास दररोज जवळजवळ ८९ हजार लिटर पाणी लागते. ही मात्रा कमी पडली तर घड भरत नाहीत. जास्त झाली तर पाणी, वीज व खत ही तिन्ही वाया जातात. म्हणून जमिनीतील ओलावा मोजून त्याची वार्ता घरी किंवा मोटारीच्या खोलीत पोहोचविणारी लहान बिनतारी यंत्रे काही बागाईतदार वापरू लागले आहेत.

ह्या यंत्राच्या पेटीबाहेर डोकावणारी बोटभर लांबीची काडी म्हणजे त्याची एरियल. ती घड वाहणाऱ्या मजुरांच्या धक्क्याने मोडते, माकडे ती ओढतात, तिच्या बुडाशी पावसाचे पाणी शिरते. अशा वेळी ‘मॉड्यूलाच्या आत एरियल आहेच, तीच का वापरू नये?’ असा प्रश्न उभा राहतो. अनेक प्रसंगी ती वापरता येते. मात्र हा बदल कोठे चालतो, कोठे चालत नाही व कसा करावयाचा, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे. चुकीच्या ठिकाणी केलेल्या बदलाने यंत्र बिघडलेले दिसत नाही. ते मुकाट्याने संदेश गाळू लागते, आणि बागाईतदारास त्याचा पत्ता पाने पिवळी पडू लागल्यावर लागतो.

एरियलचे कार्य

एरियलला शास्त्रीय ग्रंथांत आकाशक असे म्हणतात. मॉड्यूलात निर्माण झालेली विद्युत स्पंदने लहरींच्या रूपाने आकाशात सोडणे व आकाशातून आलेल्या लहरी पुन्हा स्पंदनांच्या रूपात मॉड्यूलास देणे, हे तिचे काम होय. जी एरियल पाठविताना चांगली ती ऐकतानाही तितकीच चांगली असते.

एरियलची लांबी लहरींच्या लांबीशी निगडित असते. वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तेथील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आहे. तिचा चौथा हिस्सा म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणूनच ही एरियल नागमोडी तांब्याच्या पट्टीच्या रूपाने मॉड्यूलाच्या पाटीवरच छापता येते. दूर अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या लोरा पद्धतीस आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे. तेथे लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर व तिचा चौथा हिस्सा साडेआठ ते नऊ सेंटिमीटर असतो. इतकी एरियल लहान मॉड्यूलावर नीट मावत नाही. म्हणून लोरा मॉड्यूलास प्रायः बाहेरचीच एरियल असते.

खेड्यातील रेडिओचा दाखला

बाहेरच्या एरियलकडून आतल्या एरियलकडे जाण्याचा हा प्रवास खेड्यांना नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या तत्कालीन पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावी शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालविली. कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची व शंका केंद्राकडे कळवावयाच्या, अशी ती योजना होती. त्या काळच्या दिव्यांच्या रेडिओस दोन खांबांमध्ये ताणलेली तार व जमिनीत पुरलेली अर्थची तार लागे. पुढे ट्रान्झिस्टर आला. त्याच्या पोटात फेराइटच्या दांडीवर तार गुंडाळलेली एरियल असल्याने तो खांद्यावर टाकून शेतात नेता येऊ लागला.

ह्या सोयीबरोबर एक मर्यादाही आली. फेराइटच्या दांडीचे टोक केंद्राच्या दिशेस आले की आवाज बसतो. ट्रान्झिस्टर थोडा फिरविला की तो पुन्हा उमटतो. लोखंडी पत्र्याच्या खोलीत तर तो जवळजवळ मुका होतो. आतली एरियल सोयीची खरी, परंतु तिला दिशा आणि जागा सांभाळावी लागते, हा धडा त्या ट्रान्झिस्टरने घरोघर दिला होता. आजच्या बिनतारी मॉड्यूलासही तोच लागू पडतो.

केळीची बाग आणि लहरी

मोकळ्या रानात लहरी लांबवर जातात. केळीच्या बागेत तसे होत नाही. केळीच्या खोडाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते व रुंद पानेही पाण्याने भरलेली असतात. पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेते. शंभर मीटर लांबीच्या बागेत दीड मीटरवर एक ह्याप्रमाणे झाडांच्या ६६ ओळी येतात. जमिनीलगत ठेवलेल्या पेटीतील संदेशास त्या सर्व ओळींतून वाट काढावी लागते. सकाळच्या दवाने किंवा पावसाने पाने भिजली की शोषण आणखी वाढते. लोराच्या लांब लहरी ह्या अडथळ्यातून तुलनेने अधिक निभावतात.

बागाईतदाराने एक गोष्ट विशेषेकरून ध्यानात घ्यावी. मृगबागेत जून-जुलैमध्ये लागवड झाली की रोपे वीतभर असतात, आणि त्या वेळी बसविलेले यंत्र उत्तम चालते. तीच झाडे पुढे माणसाहून उंच वाढतात व पानांचे छत मिटते. मग तेच यंत्र, त्याच जागी, अडखळू लागते. ह्यात यंत्राचा दोष नसतो; त्याच्याभोवती पाण्याची भिंत उभी राहिलेली असते. म्हणून एरियलचा निर्णय रोपांकडे पाहून न करता पूर्ण वाढलेल्या बागेचा विचार करून करावा.

संकेताच्या बळाचे माप

संकेताचे बळ डेसिबल ह्या मापात सांगतात. हे माप पायरीसारखे आहे : ३ डेसिबल कमी झाले की शक्ती निम्मी होते, ६ डेसिबल कमी झाले की चौथाई उरते, १० डेसिबल कमी झाले की दहावा हिस्सा उरतो. मोकळ्या जागेत ६ डेसिबलची घट म्हणजे पल्ला निम्म्यावर येणे. ग्रहण केलेला संकेत नेहमी उणे आकड्यात दाखविला जातो. उणे ६० हा चांगला, उणे ७५ हा कामचलाऊ, आणि वाय-फायच्या बाबतीत उणे ९० च्या आसपास संदेश गळू लागतात, असा ढोबळ हिशेब धरण्यास हरकत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वाय-फाय मॉड्यूलाने १०० मिलिवॅट, म्हणजे २० डेसिबल, इतक्या शक्तीने संदेश सोडला व दोन्ही एरियली साध्या आहेत असे धरले, तर मोकळ्या रानात १०० मीटरवर सुमारे ८० डेसिबलची घट होते व उणे ६० इतका संकेत पोहोचतो. आता बाहेरची एरियल काढून आतली घेतल्याने समजा ६ डेसिबल कमी झाले, तर संकेत उणे ६६ होईल. काम बिनधोक चालेल. परंतु मध्ये दाट बाग असून तिने आणखी ३० डेसिबल शोषले, तर बाहेरच्या एरियलने उणे ९० व आतल्या एरियलने उणे ९६ इतकाच संकेत मिळेल. पहिला कसाबसा चालेल, दुसरा बंद पडेल. बदल एकच, मोकळ्यावर तो जाणवत नाही आणि बागेत तो निर्णायक ठरतो.

बदल कोठे योग्य, कोठे अयोग्य

पेटी प्लॅस्टिकची असेल, ग्रहण करणारे यंत्र जवळ असेल व मध्ये दाट झाडी नसेल, तर आतली एरियल घ्यावी. विहिरीच्या काठावरील पातळीमापक, मोटारीच्या खोलीतील दाबमापक, घराच्या ओट्याजवळील तापमापक ही ह्याची उदाहरणे होत. अशा ठिकाणी आतल्या एरियलने पेटीचे एक भोक कमी होते, पाणी शिरण्याची वाट बंद होते व मोडण्याजोगी वस्तू बाहेर राहत नाही.

लोखंडी पेटीत मात्र आतली एरियल कदापि चालणार नाही. मोटारीच्या स्टार्टरची पेटी पत्र्याची असते, आणि बंद धातूच्या पेटीतून लहरी बाहेर पडत नाहीत. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरांची एरियल तारेने बाहेर आणून पेटीवर किंवा भिंतीवर लावलेली असते, ती ह्याच कारणाने. ती तोडून टाकणे किंवा पेटीत कोंबणे हे मोटारीवरील ताबा गमावण्यासारखे आहे. त्याचप्रमाणे लोरा यंत्रे, सिमकार्डाची यंत्रे व बागेच्या मध्यभागी जमिनीलगत बसविलेली ओलावामापके ह्यांची बाहेरची एरियल मोडली, तर नवी बाहेरचीच लावावी.

मॉड्यूलाचा प्रकार ओळखणे

काम हाती घेण्यापूर्वी मॉड्यूल कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. त्याचे चार प्रकार संभवतात.

पहिल्या प्रकारात केवळ आतली एरियल असते. पाटीच्या एका टोकास नागमोडी तांब्याची पट्टी दिसते व तारेची खोबणी नसते. ईएसपी३२-वरूम-३२डी हे मॉड्यूल ह्या जातीचे आहे.

दुसऱ्या प्रकारात केवळ बाहेरच्या एरियलची खोबणी असते. ही खोबणी म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचे गोल, सोनेरी बटण होय. ईएसपी३२-वरूम-३२यू हे त्याचे उदाहरण. नावात एका अक्षराचाच फरक असला, तरी ह्या मॉड्यूलात आतली एरियल मुळीच नाही. त्याची काडी काढली तर काहीच उरत नाही. आतली एरियल हवी असल्यास मॉड्यूलच बदलावे लागेल.

तिसऱ्या प्रकारात दोन्ही एरियली असतात, आणि त्यांपैकी कोणती जोडावयाची ते एक चिमुकला रोधक ठरवितो. छायाचित्र घेणारे ईएसपी३२-कॅम हे यंत्र ह्या जातीचे आहे. त्यावरील रोधक शून्य ओहमचा असतो, म्हणजे तो केवळ एक पूल असतो. तो एका बाजूस झाळला की संकेत पाटीवरच्या पट्टीकडे जातो, दुसऱ्या बाजूस झाळला की खोबणीकडे जातो. पाटाच्या पाण्यास एका चारीतून दुसऱ्या चारीत वळविण्यासाठी बारा फोडावा, तसाच हा प्रकार आहे.

चौथ्या प्रकारातही दोन्ही एरियली असतात. परंतु तेथे बारा फोडण्याचे काम आज्ञावली करते. सीड स्टुडिओच्या शाओ ईएसपी३२सी६ ह्या पाटीवर ३ क्रमांकाचे टोक शून्य पातळीवर नेले की एरियल निवडणारी कळ कार्यान्वित होते. त्यानंतर १४ क्रमांकाचे टोक शून्यावर ठेवल्यास आतली एरियल व उच्च पातळीवर नेल्यास बाहेरची एरियल जोडली जाते. रास्पबेरी पाय कम्प्यूट मॉड्यूल ४ मध्ये संरचनेच्या फाइलीत एक ओळ बदलून हीच निवड करता येते : एएनटी१ म्हणजे पाटीवरची, एएनटी२ म्हणजे बाहेरची.

प्रकार ओळखता येत नसेल, तर यंत्र पुरविणाऱ्याकडून मॉड्यूलाचे पूर्ण नाव विचारून घ्यावे. अंदाजाने पाटीवरील कोणताही भाग उपसू नये.

बदलाची कृती

१. बदल करण्यापूर्वी, एरियल चालू स्थितीत असल्यास, संकेताचे बळ दहा वेळा वाचून लिहून ठेवावे. ही नोंद नसली तर बदलाने लाभ झाला की हानी, हे सांगता येणार नाही.

२. वीज, बॅटरी व सौरपट्टी ही तिन्ही सोडवावीत. केवळ कळ बंद करून भागणार नाही. एरियल न लावता यंत्र चालू करणे हे सर्वथा टाळावे, कारण बाहेर न पडलेली शक्ती मॉड्यूलाकडे परत फिरते; लोरा किंवा मोबाइलच्या अधिक शक्तीच्या मॉड्यूलांत त्यामुळे प्रक्षेपणाचा भाग निकामी होऊ शकतो.

३. बाहेरच्या एरियलची बारीक तार खोबणीतून काढताना ती तारेस धरून ओढू नये. टोपणाखाली चपट्या चिमट्याचे टोक घालून ते सरळ वर उचलावे. ही खोबणी नाजूक असून अशा जातीच्या खोबणीचे आयुष्य सुमारे ३० वेळा लावण्या-काढण्याइतकेच धरलेले असते.

४. मॉड्यूल तिसऱ्या प्रकारचे असेल, तर रोधक खोबणीच्या बाजूकडून काढून पट्टीच्या बाजूस झाळावा. हा रोधक मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो. ज्याच्याजवळ बारीक टोकाची झाळणी, भिंग व सवयीचा हात नाही, त्याने मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून हे काम करून घ्यावे. रोधक हरवला तरी चिंतेचे कारण नाही. दोन ठिपके झाळाच्या थेंबाने जोडले तरी तेच कार्य होते. मात्र दोन्ही बाजू एकाच वेळी जोडलेल्या राहू देऊ नयेत. तसे झाल्यास संकेत दोन वाटांत विभागला जातो व कोणतीच एरियल नीट काम करीत नाही.

५. मॉड्यूल चौथ्या प्रकारचे असेल, तर एरियल निवडण्याची आज्ञा बिनतारी भाग सुरू होण्याच्या आधी द्यावी. यंत्राची वीज गेली व पुन्हा आली, तरी ती निवड आपोआप व्हावी अशी तजवीज आज्ञावलीत असावी. खेड्यात वीज वारंवार जाते-येते. जी निवड वीज येताच पुसली जाते ती उपयोगाची नाही.

६. रिकाम्या झालेल्या खोबणीत तारेचा तुकडा लोंबकळत ठेवू नये, आणि पेटीचे जुने भोक रबरी बुचाने पक्के बंद करावे. पावसाळ्यात ओल शिरण्याची सर्वांत मोठी वाट तीच असते.

पेटीत मॉड्यूल बसविणे

पुष्कळदा रोधक बरोबर बदललेला असतो, पण मॉड्यूल पेटीत चुकीच्या जागी बसविलेले असते, आणि दोष आतल्या एरियलला दिला जातो. पाटीवरच्या पट्टीच्या सभोवार किमान दीड सेंटिमीटर जागा मोकळी असावी. त्या जागेत बॅटरी, तारांचा गुंता, लोखंडी स्क्रू किंवा पत्र्याची पट्टी येऊ देऊ नये. बॅटरीचे कवच धातूचे असते. ती एरियलला चिकटून बसली तर आतली एरियल जवळजवळ झाकली जाते. मॉड्यूलाचे एरियलकडील टोक पेटीच्या प्लॅस्टिकच्या भिंतीकडे व मोकळ्या बाजूस करावे.

पेटी लोखंडी खांबास बांधावयाची असेल, तर ती खांबाच्या ज्या अंगास ग्रहणयंत्र आहे त्या अंगास बांधावी. खांब मध्ये येता कामा नये. शक्य तेथे बांबूचा खांब वापरावा.

दिशेचाही विचार करावा. उभी काडी उभ्या लहरी सोडते. ग्रहणयंत्राची काडी उभी असून पेटीतील एरियल आडवी पडली, तर संकेताचा मोठा भाग वाया जातो. मॉड्यूल पेटीत एकदा उभे व एकदा आडवे ठेवून जो आकडा चांगला येईल तो घ्यावा. ट्रान्झिस्टर फिरवून केंद्र लावावे, तसेच हे आहे.

चाचणी व नोंदी

बदलानंतर यंत्र त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून पुन्हा दहा वेळा संकेताचे बळ वाचावे व पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहावे. एकदाच वाचलेल्या आकड्यावर विसंबू नये. माणूस जवळून गेला किंवा वाऱ्याने पान हलले तरी आकडा बदलतो. वाचन करणाऱ्याने पेटीजवळून बाजूस व्हावे, कारण मनुष्याचे शरीरही लहरी शोषते.

चाचणी दुपारच्या कोरड्या वेळी, पहाटे दव असताना व पाऊस पडून गेल्यावर, अशी तीन वेळा करावी. ह्यांपैकी सर्वांत वाईट आकडा हाच खरा आकडा समजावा. तो संदेश गळण्याच्या मर्यादेपेक्षा किमान १० ते १५ डेसिबलने चांगला असावा. झाडे लहान असतील तर ह्याहून अधिक फरक राखावा. आठवडाभर दररोज किती संदेश यावयास हवे होते व किती आले, हेही मांडावे. यंत्र दर अर्ध्या तासाने वार्ता देत असेल तर दिवसाचे ४८ संदेश यावयास हवेत. ते कमी होऊ लागले तर कारण शोधावे. सारेच बंद होईपर्यंत थांबू नये.

संकेत अपुरा पडल्यास

आतल्या एरियलने काम भागत नाही असे दिसले, तर लगेच मागे फिरण्याचे कारण नाही. ग्रहणयंत्राकडील एरियल सुधारावी. एरियल पाठविताना व ऐकताना सारखीच उपयोगी पडत असल्याने मोटारीच्या खोलीवर पानांच्या छताहून उंच लावलेली एकच चांगली एरियल बागेतील सर्व पेट्यांना लाभ देते. दहा पेट्यांच्या दहा काड्या सांभाळण्यापेक्षा एका ठिकाणची एक उंच एरियल सांभाळणे सोपे आहे. मात्र उंच एरियल हे विजेस निमंत्रण असल्याने ती सर्वांत उंच वस्तू होणार नाही अशी जागा निवडावी व वीजरोधकाची योग्य व्यवस्था करावी.

दुसरा उपाय पेटीची जागा बदलणे हा होय. बागेत फवारणीसाठी किंवा घड वाहण्यासाठी सोडलेला रस्ता असतो. पेटी त्याच्या कडेस आणली की लहरींस मोकळी वाट मिळते. ओलावा मोजणारा खिळा झाडाच्या मुळाशीच ठेवून केवळ पेटी तारेने रस्त्याकडे आणता येते. तिसरा उपाय मधे एक पुनःप्रक्षेपण करणारे यंत्र ठेवणे हा आहे. हे तिन्ही उपाय अपुरे ठरले, तर निःसंकोचपणे बाहेरची एरियल पुन्हा लावावी.

पाणी केवळ संदेशावर सोपवू नये

एरियल कोणतीही असो, बिनतारी संदेश कधी ना कधी चुकणारच, हे गृहीत धरूनच सिंचनाची मांडणी करावी. मोटार बंद करण्याचा संदेश पोहोचला नाही तरी ठरलेल्या वेळेनंतर ती आपोआप थांबेल, असे कालयंत्र मोटारीजवळच असावे. विहिरीचे पाणी आटल्यास मोटार बंद करणारे साधनही बिनतारी संदेशाविना चालणारे असावे. तसेच एखाद्या पेटीकडून तीन-चार तास वार्ता आली नाही, तर ‘ओलावा पुरेसा आहे’ असा अर्थ न घेता ‘वार्ता नाही’ अशी सूचना यंत्राने द्यावी. मौनाचा अर्थ कुशल असा घेणाऱ्या यंत्रणेने वैशाखात एक दिवस चुकविला, तर हेक्टरी सुमारे ८९ हजार लिटर पाण्याची मात्रा चुकते, आणि जळगावच्या उन्हात घड भरत असलेल्या झाडास ती सोसत नाही.

बागेतील स्वतःच्या यंत्राच्या नोंदी सिंचन व खत ह्यांच्या निर्णयास उपयुक्त आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मात्र महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते, हा भेदही लक्षात असू द्यावा.

सारांश

पेटी प्लॅस्टिकची, अंतर थोडे व वाट मोकळी असेल तर आतली एरियल. पेटी लोखंडी, अंतर लांब किंवा बाग दाट असेल तर बाहेरची. बदलापूर्वी मॉड्यूलाची जात पाहावी, वीज पूर्ण तोडावी, एकच वाट जोडलेली ठेवावी, एरियलभोवती जागा मोकळी सोडावी आणि आधीचे व नंतरचे आकडे वहीत लिहून ताडावेत. ही चाचणी मृगबागेत पाने मिटण्यापूर्वी एकदा व मिटल्यानंतर पुन्हा एकदा करावी. कांदेबागेतही हाच क्रम ठेवावा. ज्या बागाईतदाराकडे हे दोन आकडे लिहिलेले आहेत, त्याला उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच आपल्या यंत्राचे बळ कळलेले असेल, आणि दुरुस्तीस पुरेसा अवधीही त्याच्या हाती राहील.